घरातलं मीठ कसं तोलावं: एका मापाड्याची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डात मी 31 वर्षं हळद तोलली. पोतं काट्यावर चढलं की बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, लिहायचा. अर्ध्या किलोवरून माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिलीत. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी माझं बीपी 160 च्या वर निघालं आणि डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा", तेव्हा तोंडातून सवयीनं निघालं, "किती?" ते म्हणाले, "चवीपुरतं घ्या."

चवीपुरतं हे काय माप झालं? आमच्या घरात पाच माणसं आणि पाच जिभा. मला जे चवीपुरतं वाटतं ते सूनबाईला खारट लागतं. मग ठरवलं, हळद तोलली तसंच मीठ तोलायचं. काय केलं ते सांगतो. मधे माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगतो, कारण तसली चूक आता ओळखीच्या आणखी दोन घरांत पाहिली.

पहिलं काम: पिशवीवर तारीख

पहिलं तोलणं काट्याशिवायच होतं. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घाला. संपली की दिवस मोजा. 1000 ला आधी दिवसांनी भागा, मग जेवणाऱ्या माणसांनी. आमची पहिली पिशवी 18 दिवसांत संपली. रोजचे साडेपंचावन्न ग्रॅम, माणशी 11. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्या हिशेबानं पाच माणसांना ती पिशवी 40 दिवस जायला हवी होती.

आता यार्डात जसा कडता, म्हणजे मालातली घट, धरतात तसा इथंही धरावा लागतो. भाजी मिठाच्या पाण्यात धुतली, उरलेली आमटी टाकली, ते मीठ काही पोटात जात नाही. बायकोचं म्हणणं, दहावा हिस्सा तरी वाया जातो. धरला. पण मग वर्षाचं लोणचं, पापड, बेकरीची खारी, बाहेरची मिसळ, यांचं मीठ त्या पिशवीतून जात नाही, ते वेगळ्या दारानं येतं. दोन्ही बाजू धरल्या तर 11 चा आकडा काही खाली येत नव्हता.

पुड्यावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. इथं बरेच जण फसतात. मिठात वजनानं 40 टक्के सोडियम आणि बाकी क्लोराइड. म्हणजे 5 ग्रॅम मिठात 2 ग्रॅम, 2000 मिलिग्रॅम सोडियम. उलटं करायचं तर पुड्यावरच्या सोडियमला अडीचनं गुणायचं. फरसाणाच्या पुड्यावर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात 2 ग्रॅम मीठ आलं. मी दुकानातच चष्मा लावून हा गुणाकार करतो. दुकानदार म्हणतो, "मामा, घ्या नाहीतर ठेवा." सोडियम फक्त मिठातच असतं असंही नाही. खायचा सोडा आणि पापडखार यांतही ते आहे, आणि जिभेला ते खारट लागत नाही म्हणून हिशेबातून निसटतं.

शीग आणि चिमूट

मग एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणला. वाटी ठेवून आधी शून्य केलं, म्हणजे बारदान गेलं. चहाचा चमचा बारीक मिठानं भरून सुरीच्या पाठीनं सपाट केला: 6 ग्रॅम. तोच चमचा आमच्या घरी घेतात तसा शीग लावून, म्हणजे वर ढीग ठेवून, भरला: 10. आपण "एक चमचा मीठ" म्हणतो त्यात शीग धरली की नाही हे कुणी विचारतच नाही. धान्याच्या मापात शिगेवरून भांडणं झाली, मिठात मात्र ती फुकट. खडे मीठ त्याच सपाट चमच्यात 5 भरलं, कारण खड्यांच्या मधे हवा असते. म्हणून खड्यांवरून बारीक मिठावर आलेल्या घरात तोच चमचा वापरला तर मीठ गुपचूप वाढतं.

चिमूट काट्यावर उठतच नव्हती. बायकोला म्हटलं, दहा चिमटी टाक. ती म्हणाली, "आता माझ्या बोटांनाही काटा लावणार काय हो तुम्ही?" पण टाकल्या. 7 ग्रॅम. सूनबाईच्या दहा चिमटी 4 ग्रॅम. दोघींचे हात पाहत बसलो तेव्हा कळलं: बायको अंगठा आणि दोन बोटं घालून घेते, सूनबाई नुसती दोन बोटं लावते. म्हणजे "दोन चिमटी घाल गं" हा निरोप सासूकडून सुनेकडं जाईपर्यंत जवळपास निम्मा होतो. आमटी कधी अळणी, कधी खारट का होते यावरून घरात वीस वाद झाले होते. त्यांचं मूळ तीन ग्रॅममध्ये होतं.

यातून जी रीत बसली ती अशी. सकाळी दिवसाचं मीठ एका वाटीत तोलून काढायचं आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं. बरणीला हात लावायचा नाही. सुरुवात 50 ग्रॅमनं केली आणि दर पंधरा दिवसांनी 5 ग्रॅम कमी. एकदम निम्म्यावर आणलं असतं तर घरात बंड झालं असतं. जीभ काही आठवड्यांत सरावते, हा आमचा पाचही जणांचा अनुभव. तिसऱ्या महिन्यात मुलाला बाहेरची मिसळ खारट लागली, तेव्हा मी मनातल्या मनात पावती फाडली.

चटणीत लपलेलं मीठ

आता जे सांगतो ते पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञांच्या कागदावर नसतं. आपल्याकडं चटणी म्हणजे ताटातली ओली चटणी नव्हे, डंकावरून कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी. आमच्या घरी एक किलो मिरचीला पाव किलो खडे मीठ पडतं. खोबरं, कांदा, लसूण, तेल, गरम मसाला धरून माल होतो सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे दर दहा ग्रॅम चटणीत एक ग्रॅमच्या वर मीठ. अख्ख्या मसुराला बायको तीन चमचे चटणी घालते. त्या चटणीतलं मीठच तीन-चार ग्रॅम झालं आणि वरून पुन्हा सवयीचा शीग लावलेला चमचा.

यावर चटणीतलं मीठ कमी करणं हा उपाय नाही. ते टिकण्यासाठी आहे. कमी केलं तर पावसाळ्यात बुरशी धरेल आणि वर्षाची बेगमी जाईल. उपाय क्रमाचा आहे. आधी फोडणी, मग चटणी, मग डाळ किंवा भाजी, मग उकळी. मग चमचाभर रस्सा वाटीत काढून निवू द्यायचा, कारण उकळता रस्सा जिभेला नीट कळत नाही. मग चाखायचं. मीठ सगळ्यात शेवटी आणि वाटीतलंच. नुसत्या एवढ्यानं आमचे रोजचे सहा-सात ग्रॅम वाचले.

सोपी कपात आणखी दोन ठिकाणी निघाली. ज्वारीची भाकरी बिनमिठाचीच असते, ही आपली जमेची बाजू. पण कणकेत आणि भातात मीठ जायचं. दोन्ही बंद केलं आणि चार दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दाण्याचं कूट, लसणाची चरचरीत फोडणी ही मंडळी मिठाची उणीव बरीच भरून काढतात. नुसती कोथिंबीर मात्र काढत नाही, कुणी काही म्हणो.

ताटात डावीकडं वाढायचं मीठ आम्ही बंद केलं नाही. उलट तेच मला शहाणपणाचं वाटतं. पदार्थात शिजलेलं मीठ आत मुरून बसतं, ताटातलं थेट जिभेला लागतं. म्हणून आमटीत हात आखडता घ्यायचा आणि ताटात सूनबाईची चिमूट वाढायची. ज्याला हवं तो बोट लावेल. निम्मं तर ताटातच राहतं.

लोणचं: किलोभर फोडींना आमच्याकडं पाव किलो मीठ पडतं, म्हणजे एका बऱ्यापैकी फोडीबरोबर दोन ग्रॅम सहज पोटात जातं. उडदाच्या एका पापडात अर्ध्या ग्रॅम मिठाइतकं सोडियम धरा. भडंगाबद्दल मी काही बोलणार नाही, मला ते सोडता आलेलं नाही. रविवारी घेतो, तोलून.

माझी चूक

सोडियम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शेतात. कृष्णाकाठच्या भावाच्या उसाच्या रानाला पाणी पाजून पाजून ते क्षारपड झालं. वर पांढरा थर आला. माती परीक्षणवाल्यानं सांगितलं, सोडियम वाढलंय, जमीन चोपण झालीय, मातीचे कण फुगून सुटे झालेत आणि छिद्रं बुजलीत, पाणी खाली उतरत नाही. जिप्सम टाका, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावेल, मग चर काढून ते पाण्याबरोबर बाहेर घालवा. त्या दिवसापासून सोडियम म्हणजे वाईट, असं डोक्यात घट्ट बसलं.

आई तेव्हा 79 ची. तिलाही बीपी, आणि तिच्या गोळीत लघवीवाटे पाणी-मीठ काढणारं औषध होतं. माझं बीपी उतरायला लागलं तसा मला जोर चढला. एप्रिल महिना. आईच्या आमटीतलं मीठ मी जवळपास बंदच केलं. ऊन आहे म्हणून दिवसभर तांब्यानं पाणी पाजायचो. खाणं तिचं अर्धी भाकरी. ती म्हणायची, "आरं, ह्यात मीठ हाय का न्हाय?" मी म्हणायचो, सवय होईल.

तीन आठवड्यांनी ती मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारायला लागली. मळमळ, पाय लटपटणं, दिवसा झोप. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. ज्या दिवशी मोरीत तोल गेला त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात नेली. रक्तातलं सोडियम 119. ते लिटरला 135 ते 145 मिलिमोलच्या मधे असावं लागतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. सोडियम पेशीच्या बाहेरच्या पाण्यात राहतं, पोटॅशियम आत. या दोघांच्या ये-जा करण्यावर मज्जातंतूंचा निरोप चालतो, स्नायू आखडतो, सैल पडतो. जिथं सोडियम तिथं पाणी थांबतं. म्हणूनच मीठ जास्त झालं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि नळीवर दाब येतो, हे माझं दुखणं. आईचं उलटं झालं होतं. गोळी सोडियम बाहेर काढत होती, ताटातून येत नव्हतं, आणि मी वरून पाणी ओतून उरलेलं पातळ करत होतो. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि माणूस बरळायला लागतो. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं नुसत्या मिठाच्या कमतरतेचं क्वचितच असतं, पाण्याचा हिशेब चुकलेला असतो.

मी म्हटलं, मग लगेच मीठ द्या. तेही नाही. सोडियम झटक्यात वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला ठरावीकच वाढवायचं. सारखं रक्त तपासत चार दिवस लागले. गोळी बदलली. पाचव्या दिवशी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, घरी दूध कुणी काढलं.

तेव्हा घरात साठ-पासष्टच्या पुढचं माणूस असेल तर हे करा. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते डॉक्टरांना विचारा. आहे म्हणाले तर मीठ किती आणि पाणी किती, दोन्ही आकडे त्यांच्याकडूनच घ्या आणि रक्तातलं सोडियम कधी तपासायचं तेही विचारा. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचं दुखणं असलेल्यांचंही तसंच. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी तपासा. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून बरं करायला जाऊ नका.

घाम त्यांचा, ताक माझं

हळदीचा हंगाम आणि ऊन एकदमच तापतात. आमच्या हमालांच्या काळ्या-निळ्या शर्टांवर संध्याकाळी पाठीवर पांढऱ्या रेषा उमटायच्या, नकाशा काढल्यासारख्या. ते मीठच. एका लिटर घामात साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, कुणाचं अर्धा, कुणाचं दीड. उन्हाची सवय झाली की दोनेक आठवड्यांत शरीर घामातलं मीठ राखायला शिकतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आणि नव्या पोराला जास्त जपावं लागतं. अशा माणसाला माझा 5 ग्रॅमचा नियम लावणं हा अन्याय आहे. त्याला मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, ठेचा-भाकरी हवीच. नुसतं पाणी ढोसणं त्यालाही बरं नव्हे.

गंमत अशी की मी सावलीत काट्याशी बसायचो आणि त्यांच्याबरोबर तेच खारं ताक दिवसाला चार पेले प्यायचो. 31 वर्षं. घाम त्यांचा, ताक माझं. बीपी कुठून आलं याचा शोध मला फार लांब घ्यावा लागला नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर गोष्ट वेगळी, तिथं ओआरएस. लिटरची पुडी असेल तर ती आख्खी एका लिटर पाण्यात, पेलाभर पाण्यात अर्धी नव्हे. त्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं. साखर चवीला नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी. एवढ्या साध्या मिश्रणानं 1971 साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची असंख्य माणसं वाचवली. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट, शीग लावायची नाही. इथं शीग लावली तर लहान लेकराला धोका होतो. आणि ऊन आहे म्हणून बीपीच्या माणसानं रोज ओआरएस पिऊ नये. लिटरभरात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

कुठलं मीठ घ्यावं

सैंधव, काळं, खडे, बारीक: सगळ्यांत मुख्य माल सोडियम क्लोराइडच. सैंधव महाग आहे म्हणून सोडियम कमी असेल असं नाही, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. कमी मीठ खाणाऱ्यानं तर आयोडीनवालंच घ्यावं, झाकण घट्ट लावून ठेवावं.

कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या खेड्यांत 75 टक्के साधं मीठ आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ देऊन केलेला मोठा अभ्यास 2021 साली छापून आला. त्यात अर्धांगवायूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. मग सगळ्यांनीच घ्यावं का? नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बिघडू शकतं. मी टेल्मिसार्टन घेतो. डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले, विषय संपला. पोटॅशियम डाळी, पालेभाज्या, केळी, आपला तासगावचा बेदाणा यांतूनही येतं. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम बंद केलेलं नाही त्यांनी तिथून घ्यावं.

सध्याची पिशवी 6 तारखेला फोडलीय. मागची 33 दिवस गेली, म्हणजे माणशी 6 ग्रॅम. पाचाला अजून टेकलो नाही. माझं बीपी गोळी धरून 130 च्या आसपास असतं. आईची वाटी आता वेगळी असते. तिचा आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलाय आणि तो माझ्यापेक्षा जास्त आहे. सकाळी मी काट्यावर दोन्ही वाट्या ठेवतो, तेव्हा ती चुलीजवळच्या पाटावरून बघत असते आणि आपली वाटी जड भरली की मान हलवते.